शाळेचा स्वभाव

जून महिन्याच्या मध्यावर महाराष्ट्रातील बहुतेक शाळा उघडतात, तेव्हा दारांना आंब्याच्या पानांची तोरणे लागलेली असतात. पहिलीत येणाऱ्या चिमुकल्यांना औक्षण करून, हाती फूल देऊन वर्गात नेले जाते. 'प्रवेशोत्सव' या नावाने साजरा होणारा हा सोहळा हृद्य असतो, यात शंका नाही. परंतु तोरणाची पाने सुकून गेल्यावर, ऑगस्टमधील एखाद्या पावसाळी दुपारी, गृहपाठ न करता आलेल्या मुलाशी तीच शाळा कोणत्या शब्दांत बोलते, त्यावरून तिचा खरा स्वभाव कळतो. माणसाला जसा स्वभाव असतो, तसा तो शाळेलाही असतो. शाळेची इमारत, तिचा दहावीचा निकाल, तिचे क्रीडांगण यांविषयी पालक आवर्जून विचारतात. संस्थाचालकही याच गोष्टी अभिमानाने सांगतात. स्वभावाविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. वास्तविक, मुलाच्या मनावर जन्मभर उमटून राहतो तो याच स्वभावाचा ठसा!

हा विषय केवळ भावनेचा राहिलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. या आकड्यात महाविद्यालयीन विद्यार्थीही आहेत आणि प्रत्येक घटनेमागची कारणे निराळी आहेत. सारा दोष शाळांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही जी मुले दिवसाचे पाच-सहा तास कोणा ना कोणा शिक्षकाच्या नजरेसमोर असतात, त्यांच्या मनातील काळोख इतक्या मोठ्या संख्येने कोणाच्याच लक्षात येऊ नये, हे समाजाला अस्वस्थ करणारे आहे. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा, गुणांनुसार मुलांची वेगळी तुकडी पाडू नये, त्यांना चारचौघांत लज्जित करू नये, अशा गोष्टी त्यांत आहेत. मुलांना लाजवू नका, हे शिक्षणसंस्थांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगावे लागावे, याचा अर्थ प्रत्येक शिक्षकाने आणि संस्थाचालकाने आपापल्या मनाशी लावून पाहावा.

कॅमेरा पाहतो, ऐकत नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन अजाण बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि सारा महाराष्ट्र हादरला. लोकांनी रेल्वेमार्ग रोखून धरला. त्यानंतर शाळाशाळांतून सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याची, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याची लगबग सुरू झाली. शाळांत 'सखी सावित्री' समित्या स्थापन करण्याचा शासननिर्णय २०२२ मध्येच निघालेला होता. त्याचीही पुन्हा आठवण झाली. हे सर्व उपाय आवश्यक आहेत आणि त्यांत कोणी हयगय करू नये. पण त्या घटनेतील एक गोष्ट शिक्षणक्षेत्राने विसरता कामा नये. त्या लेकरांचे दु:ख प्रथम कळले ते घरच्या माणसांना, शाळेला नव्हे.

कॅमेऱ्याला दिसते, ऐकू मात्र येत नाही. मूल आपले दु:ख यंत्राला सांगत नाही, समितीच्या फलकालाही सांगत नाही. ते सांगते एखाद्या विश्वासाच्या माणसाला; आणि हा विश्वास संकटाच्या दिवशी अचानक निर्माण होत नाही. पेन्सिल हरवली म्हणून रडणाऱ्या मुलाला ज्या बाईंनी शांतपणे जवळ घेतले, त्याच बाईंना ते मूल पुढे आपली मोठी व्यथा सांगू धजते. पेन्सिलीच्या वेळी 'रडतोस काय मुलीसारखा!' असे ऐकावे लागलेले मूल पुढे काहीच सांगत नाही. म्हणजे आत्मीयता ही शाळेच्या सुरक्षाव्यवस्थेचाच एक भाग आहे. ज्या शाळेत मुले निर्भयपणे बोलतात, तेथे दुष्टाला लपायला जागा कमी सापडते.

छडी गेली, अपमान उरला

येथे सुशिक्षित घरांतूनही एक आक्षेप हमखास येतो. 'आमच्या वेळी मास्तर फोडून काढीत, म्हणून तर आम्ही घडलो!' हे वाक्य माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात गुरुजनांविषयी कृतज्ञता असते, म्हणून त्या वाक्याचा उपहास करू नये. पण थोडा विचार करावा. मेळाव्याला येतात ते शिकून पुढे गेलेले. माराच्या धास्तीने चौथीत किंवा सातवीत ज्यांनी दप्तर कायमचे खुंटीला टांगले, ते मेळाव्याला येत नाहीत. त्यांची साक्ष कोणी काढत नाही. शिवाय जे घडले ते माराने घडले, की मारणाऱ्या गुरुजींच्या पोटात जी माया होती तिच्यामुळे घडले, याचाही विवेक करायला हवा. छडीचे अनुकरण सोपे असते. त्या मायेचे अनुकरण अवघड!

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. कायद्याने छडी बव्हंशी कपाटात गेली. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये वसई परिसरातील एका शाळेत उशिरा आल्याबद्दल सहावीतील एका मुलीला उठाबशा काढायला लावल्या गेल्या आणि काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. मृत्यूच्या कारणाचा निवाडा तपासयंत्रणांनी करावा. 'उशीर का झाला?' हा प्रश्न शिक्षा सुनावण्यापूर्वी विचारण्याची रीत शाळाशाळांत आहे का, हा मात्र साऱ्या समाजापुढचा प्रश्न आहे.

कायद्याच्या कलमातील 'मानसिक छळ' हे शब्द तर अनेक शिक्षककक्षांत पोहोचलेलेच नाहीत. मराठीत एका अक्षराचा शिक्का आहे: 'ढ'. तो एकदा बसला की, मूल पुढच्या इयत्तेत जाण्यापूर्वीच त्याची कीर्ती तेथे पोहोचलेली असते. गुणपत्रिका वाटताना सर्वांत कमी गुण मोठ्याने वाचणे, वडिलांच्या धंद्यावरून किंवा गावाकडच्या बोलीवरून टोमणा मारणे, फी राहिली म्हणून वर्गात उभे करणे, हे सारे प्रकार हात न उचलता केलेले प्रहारच आहेत. त्यांचे वळ दिसत नाहीत एवढेच.

तेव्हा शिस्त सोडून द्यायची का? मुळीच नाही. मुलांना चुकू देणे आणि चुकीकडे काणाडोळा करणे यांत फरक आहे. मायाळू शाळेत नियम थोडे असतात, स्पष्ट असतात आणि ते मुख्याध्यापकांच्या मुलालाही लागू असतात. तेथे चुकीची भरपाई चुकीशी जोडलेली असते. ज्याने भिंत खराब केली त्याने ती पुसावी, ज्याने दुसऱ्याचे मन दुखावले त्याने ते सांधण्याचा प्रयत्न करावा. यात मूल काही शिकते. मैदानाभोवती फेऱ्या मारून ते फक्त दमते आणि पुढच्या वेळी सापडायचे नाही, एवढाच धडा घेते. शिस्त खरी रुजली की नाही याची परीक्षा एकच आहे: शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर मुले कशी वागतात?

गुरुशिष्यसंबंधाची भारतीय कल्पना भयावर कधीच उभी नव्हती. कठोपनिषदाचा जो शांतिमंत्र आजही अनेक शाळांच्या परिपाठात म्हटला जातो, त्यात संस्कृतचे द्विवचन योजले आहे. रक्षण दोघांचे व्हावे, अध्ययन दोघांचे तेजस्वी व्हावे आणि दोघांनी एकमेकांचा द्वेष करू नये, असे मागणे गुरू आणि शिष्य मिळून मागतात. द्वेषाचा धोका गुरूच्या बाजूनेही असू शकतो, हे ओळखण्याचा प्रामाणिकपणा त्या मंत्रात आहे. परिपाठात हा मंत्र मुलांकडून खणखणीत म्हणवून घेणाऱ्या शिक्षकाने आपला वाटाही त्यात आहे, हे ध्यानी ठेवले तर अर्धे काम झाले!

मूल आले नाही, म्हणून शाळा गेली

हे सारे बोलायला सोपे, प्रत्यक्षात कोणी केले आहे का, असे विचारणाऱ्यांसाठी उत्तर फार लांब नाही. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक नवे प्रयोग घेऊन मोठ्या उत्साहाने चौथीच्या वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी त्याचा पुरता फज्जा उडतो. शांततेचा खेळ मांडावा, तर मुले गोंधळ घालतात. तो छडीकडे वळत नाही, मुलांना नावेही ठेवत नाही. आपली योजना चुकली असे ठरवून दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग त्याचा होतो. वर्ग हाताबाहेर गेला की मुलांच्या आधी स्वत:ची पद्धत तपासावी, हा त्या कथेतील धडा आजच्या नवशिक्या शिक्षकालाही तितकाच उपयोगी आहे.

याच भावनगरात ताराबाई मोडक १९२३ मध्ये गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. तेथील अनुभव घेऊन त्या महाराष्ट्रात आल्या, मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालवला आणि १९४५ मध्ये बोर्डी या समुद्रकाठच्या गावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, साहित्य मांडले गेले. पण गावाच्या कडेच्या वस्तीतील गरीब घरांची मुले काही येईनात. अशा वेळी बहुतेक संस्था 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' असा शेरा मारून मोकळ्या होतात. या दोघींनी प्रश्न उलटा धरला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे! शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना न्हाऊमाखू घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हा तेथे अभ्यासक्रमाचाच भाग होता. शंखशिंपले, बिया, पाने, खडे हेच शैक्षणिक साहित्य झाले. 'अंगणवाडी' हा शब्द असा जन्माला आला.

पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखत. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत तेथेच मुले शिकत. घरच्या गरिबीने मुलाला कामाला जुंपले, तर त्याबद्दल मुलाला अपराधी ठरवायचे नाही, हा त्यामागचा संस्कार होता. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, १९९२ मध्ये अनुताई गेल्या. परंतु २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि त्यांच्या कामातून आलेला तो शब्द देशाच्या सर्व प्रांतांत पोहोचला. आज खेड्यापाड्यांतील अंगणवाडीचा उल्लेख होतो तेव्हा पोषण आहार, वजनकाटा, नोंदवह्या आठवतात. तिच्या मुळाशी मात्र न आलेल्या मुलाला दोष न देणाऱ्या दोन स्त्रिया उभ्या आहेत.

कोसबाडपासून शिकण्याजोगी मुख्य गोष्ट हीच आहे. प्रेमळ शिक्षक प्रत्येक गावात एखादा असतोच. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिकवणारे साने गुरुजी छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांची अंथरुणे आवरून ठेवीत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण असा शिक्षक गेला की, मागे आठवणी उरतात आणि शाळा पूर्वीसारखी चालू लागते. ताराबाई-अनुताईंनी आपली माया रीतीत उतरवली. वस्तीवर कोण जाणार, किती वाजता जाणार, काय नेणार, हे ठरवले. त्यामुळे ती त्यांच्यामागेही टिकली. शाळेची संस्कृती घडवायची म्हणजे एवढेच करायचे: चांगल्या माणसाच्या मनात असते ते, सामान्य माणसालाही रोज करता येईल अशा रीतीत आणायचे.

रोजच्या रीती

अशा रीतींसाठी निधी लागत नाही. हजेरीचेच उदाहरण घ्यावे. हजेरी ही पटावरची खूणही असू शकते आणि विचारपूसही. दोन दिवस न आलेला मुलगा तिसऱ्या दिवशी आला की, 'कुठे उंडारत होतास?' असे विचारता येते आणि 'दोन दिवस तुझी जागा रिकामी होती, बरा आहेस ना?' असेही विचारता येते. दोन्ही वाक्यांना वेळ सारखाच लागतो. सलग तीन दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी वर्गशिक्षकाने फोन करायचा, एवढा नियम शाळेने केला आणि पाळला, तर शाळा सुटणारी कित्येक मुले वेळीच थांबतील.

दुसरी रीत स्वत:च्या परीक्षेची. सत्र सुरू होऊन महिना झाल्यावर शिक्षकाने हजेरीपट बाजूला ठेवून वर्गातील सर्व मुलांची नावे कागदावर लिहून पाहावीत. हुशार मुलांची नावे आधी येतात, खोडकर मुलांची त्यामागोमाग. मधली सात-आठ नावे आठवत नाहीत. ती मुले त्रास देत नाहीत, उत्तरही देत नाहीत. वर्गात असून नसल्यासारखी असतात. पुढच्या महिन्याचे काम कोणते, हे तो कागद सांगतो. त्या मुलांकडे फळा पुसण्यापासून परिपाठात बातम्या वाचण्यापर्यंतचे एखादे काम सोपवावे आणि ते झाल्यावर नाव घेऊन शाबासकी द्यावी.

तिसरी रीत शिक्षककक्षाची. एखाद्या तुकडीची बदनामी वर्गात होत नसते, ती चहाच्या कपाबरोबर शिक्षककक्षात होते. 'सातवी ब म्हणजे डोकेदुखी' हे वाक्य वर्षभर सर्वांच्या तोंडी फिरले की, मुलेही ते खरे करून दाखवतात. मुलाविषयी जे त्याच्या आईसमोर बोलता येणार नाही, ते शिक्षककक्षातही बोलायचे नाही, हा दंडक वरिष्ठ शिक्षकांनी स्वत:पासून घालून द्यावा.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

मात्र एवढे सांगून सारा भार शिक्षकावर टाकणे योग्य नव्हे. साठ-साठ मुलांच्या तुकड्या, अपुरे शिक्षक, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, ऑनलाइन माहिती भरण्याचा ससेमिरा यांत शिक्षकाचा जीव मेटाकुटीला येतो. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे काढणाऱ्या तरुणाला २०२३ च्या वाढीनंतर प्राथमिक शाळेत १६ हजार, तर माध्यमिक शाळेत १८ हजार रुपये मानधन ठरले. अनेक विनाअनुदानित शाळांत तर यापेक्षाही कमी पैशांत लोक राबतात. मुख्याध्यापक ज्या शिक्षकाला मुलांसमोर झापतात, तो शिक्षक तो अपमान घेऊन वर्गात जातो आणि सर्वांत दुबळ्या मुलावर तो उतरवतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांचे वागणे हा मुलांच्या दृष्टीने पहिला धडा असतो. शाळेच्या शिपाई मामांना, स्वच्छता करणाऱ्या मावशींना वरिष्ठ कोणत्या भाषेत हाक मारतात, हे मुले टिपत असतात. स्नेहसंमेलनात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा सत्कार होतो. तीस वर्षे घंटा देणाऱ्या मामांचाही व्हावा. आजारी शिक्षकाच्या घरी मुख्याध्यापकांनी जावे, नव्या शिक्षिकेचा पहिला तास फसला तर तिला बाजूला घेऊन धीर द्यावा. ज्या शाळेत मोठी माणसे एकमेकांशी सौजन्याने वागतात, तेथे मुलांना मूल्यशिक्षणाचा वेगळा तास फारसा लागत नाही. आणि शासनानेही रिक्त पदे भरण्याचे, शिक्षकाला अशैक्षणिक कामांतून मोकळे करण्याचे आपले कर्तव्य टाळू नये.

घराने काय करावे?

शाळेच्या स्वभावात घराचाही वाटा असतो. दोन प्रकारचे पालक तो बिघडवतात. एक म्हणतात, 'सर, ऐकत नसेल तर खुशाल दोन ठेवून द्या, आमची काही तक्रार नाही.' दुसरे, शिक्षकाने जरा समज दिली की, खातरजमा न करता भ्रमणध्वनीवरील पालकगटात त्याची जाहीर निंदा करतात. पहिला मुलाला एकटे पाडतो, दुसरा शिक्षकाला. दोन्ही घरांतील मूल विश्वास कोणावर ठेवावा हे शिकत नाही. वर्षातून दोनदा शिक्षकाला सहज भेटून, गुणांखेरीज दुसरे काही विचारणारा पालक हा शाळेचा मोठा आधार असतो. 'आमचा मुलगा वर्गात कोणाबरोबर डबा खातो?' एवढा प्रश्न विचारला तरी शिक्षकाचे लक्ष वेगळ्या ठिकाणी जाते.

महाराष्ट्रात गावोगावच्या कितीतरी शाळा ध्येयवादी माणसांनी वर्गणी गोळा करून, पदरमोड करून उभारल्या आहेत. त्यांतील पहिल्या पिढीचे शिक्षक मुलांच्या घरी जात, त्यांच्या सुखदु:खात सामील होत. आता त्या शाळांच्या इमारती मोठ्या झाल्या, तुकड्या वाढल्या. संस्थापकांच्या तसबिरींना हार घालण्याचा क्रम कोठेही चुकत नाही. त्यांनी घरोघरी जाण्याचा जो क्रम ठेवला होता, तो कोणत्या वर्षी बंद पडला, याचा शोध प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीने आपल्या पुढच्याच बैठकीत घ्यावा. तो पुन्हा सुरू करण्यासाठी कोणाच्या अनुदानाची वा आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. या महिन्यात कोणता शिक्षक कोणत्या पाच घरी जाणार, एवढी यादी केली की कामाला प्रारंभ होईल.